पान टोकापासून भरायचं

३ जून, मंगळ.
उजवा हात सुईला, डावा वहीला. म्हणून अक्षर कोंबडीचे पाय. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा आंगठा आणि दोन बोटं मेल्यात जमा. ओरोसचे डॉक्टर म्हणाले, बारीक काम करा. जन्मभर मासे कापले, ते काय जाडं होतं? विचारलं नाही.
शेजारच्या बाई शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांनी रुमालावर सात पानं काढून दिली. भरायचा टाका माशाच्या काट्याचा. म्हटलं, हा तर आपलाच.

११ जून, बुध.
आपला कसला. सुई हातातून कधी पडते तेच कळत नाही. आज ह्यांच्या पायात घुसली. केवढ्याने ओरडले. मला हेवा वाटला.

२४ जून, मंगळ.
एक पान पुरं. तीन दिवस लागले. बाईंकडे नेलं तर सगळ्या शिरा उलट्या. मी देठाकडून सुरू केलेलं. मासा शेपटीकडून खवलायचा, हात आपसूक तिकडेच जातो.
"गो, पान आसा तां, बांगडो न्हय."
दोघी हसलो. घरी येऊन उसवताना मात्र रडले.

९ जुलै, बुध.
धाकटी जाऊ आली, सुनंदा. मी पडल्यापासून बाजारात माझ्या जागेवर ती बसते. नारळी पौर्णिमेला होड्या बाहेर पडल्या की जागा परत माझी, असं ठरलेलं.
"वयनी, सुरमई कापूक जमतला मा तुका?"
"बघूया."
तिने रुमाल उचलला, बघितला, नीट घडी घालून ठेवला. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ जुलै, रवि.
पाचवं पान लाल झालं तेव्हा कळलं, उजव्या हाताच्या बोटात सुई आहे. दुखलं काहीच नाही. सुईच्या जागी मासे कापायच्या आडाळ्याचं पातं असतं तर बोट सुरमईबरोबर गिऱ्हाइकाच्या पिशवीत.
ह्यांना म्हटलं, आडाळा माळ्यावर टाका. "ऱ्हवांदे गो थंयच," म्हणाले. त्यांनाही आशा नाही, फक्त उचलवत नाही.

६ ऑगस्ट, बुध.
पौर्णिमा दोन दिवसांवर. सकाळी सुनंदाला फोन केला, जागा तूच ठेव. ती रडली. मी नाही. बावीस वर्षं बसले तिथे.
दुपारी सातवं पान घेतलं. आता घाई कुणाला? टोकापासून. एक सरळ टाका, मग डावीकडून मधल्या शिरेवर, उजवीकडून मधल्या शिरेवर. अर्ध्यात आले, टोक ओढायला गेले आणि सुई उजव्या आंगठ्यात. हात मागे घेतला.
का घेतला? सुई जाताना दिसली असेल. सवयही असेल. पण हात आधी मागे गेला, रक्त मागाहून आलं, एवढं नक्की.
सुई समोर आहे. परत टोचून बघायचा धीर होत नाही.