कांद्याला सांगायचं चौथं

आई, एकच दळण दहादा दळायची तुझी खोड शेवटी मला भोवली. दरसाल बियाणाचे कांदे निवडायला तू तिसगावहून इकडं काष्टीला यायचीस आणि कांदे साठवायच्या चाळीत बसून हातात येईल त्या प्रत्येक कांद्याला तेच ऐकवायचीस. मान बारीक. रंग एक. जोडकांदा नको. आणि चौथं काहीतरी. तिसऱ्यापर्यंत माझा कान मिटलेला असायचा. एका वर्षी मी खेकसले, "आई, बास की आता. मी काय बहिरी हाय?" तू म्हणालीस, "तुला न्हाई गं, कांद्याला सांगते मी." पण त्यानंतर गप्पच निवडलंस, आणि पुढच्या निवडीला तू नव्हतीस.

यंदा तुझ्या बियाणाची एकच पाटी उरली आहे, बाकी चाळीतच सडलं. रविवारी लागण. यातलं चुकीचं लावलं तर तुझं बी माझ्या हातानं संपलं.

परवा कृषी विद्यापीठातली एक पोरगी कांद्याची पात तपासणीला न्यायला आली. चहा पिताना म्हणाली, "मावशी, कांद्याच्या पेशीत जे लिखाण असतं ना, ते माणसाच्या कितीतरी पट मोठं. पण बरंचसं तेच तेच." म्हणे एक ओळ उठते, तिची नक्कल दुसरीकडं जाऊन बसते, मग त्या नकलेची नक्कल. नक्कल करताना अक्षर चुकतं आणि चुकलेलंच पिढ्यान्‌पिढ्या पुढं चालतं. मी म्हणाले, "म्हंजे कचराच की." ती म्हणाली, "आधी आम्हीही तसंच म्हणायचो. पण यातल्या काही ओळी शेजारच्या ओळीला जागं करतात, काही गप्प बसवतात. पाण्याचा ताण पडला की निजलेल्या काही उठतात. सगळ्यांचं काम अजून कळलेलं नाही."

तेव्हापासून तू स्वप्नात येतेस. चाळीच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आल्यात, टरफलं हवेत तरंगतायत, तू कांदा हातात फिरवतेस. मान बारीक, रंग एक, जोड नको, आणि चौथ्याला नुसते ओठ हलतात. मी जवळ सरकते. वास येतो, आवाज येत नाही.

काल सुनेला घेऊन बसले. प्रत्येक कांद्याला माझ्या तोंडून तेच. ती हसली. "आत्या, तीन पाठ झाली. पण चौथं तुमी दर कांद्याला येगळं सांगता."

"मुकाट निवड," म्हणाले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुला वाचता येत नव्हतं, माझी शाळा दुसरीपर्यंत. पाटीच्या तळाशी ठेवते. एक सांगते, रागावू नकोस. सुनेनं शेवटी विचारलंच, "आजींचं खरं चौथं काय हुतं?" मी म्हणाले, "बुडाची मुळी वाळलेली पायजे." ते माझं आहे, तुझ्या नावावर खपवलं. आता ती प्रत्येक कांद्याला तेच म्हणते. चुकलं असेल तर शनिवारच्या आत येऊन सांग, आणि या वेळी मोठ्यानं.