फार उतरलेला पियानो

३ डिसेंबर, नागाव
निषेध. या घरात चहा बशीशिवाय येतो. नुसता कप, तोही काठोकाठ. चहा फुंकर मारून प्यावा असं कुठल्या शास्त्रात सांगितलं असेल तर ते माझ्या वाचनात नाही. बशी मागितली. वसंतराव म्हणाले, "सगळ्या बश्या हिने कुठेतरी ठेवल्यात. कुठे, ते हिलाही आठवत नाही." चटका सोसला.

ही म्हणजे कुमुदताई. मुंबईत तीस वर्षं पियानो शिकवला. आता नावं विसरतात, जेवण झालं की नाही ते विसरतात. मी त्यांचा पियानो सुरात लावायला आलोय, तरी सकाळपासून तीनदा विचारलं, "आपण कोण?" तिसऱ्यांदा म्हटलं, "जावई." म्हणाल्या, "मग जेवून जा." त्यांना मुलगी नाही.

संध्याकाळी पियानोवर बसल्या की मात्र चार चाली, कुठेही न अडखळता. व.राव दारात उभे. "तेवढ्यापुरती ही मला अजून भेटते."

४ डिसें.
उभा पियानो, खारी हवा, खुंट्यांवर गंज. सूर देणारा दोन दातांचा काटा वाजवून सूर ताडला. वहीत नोंद : "फार उतरलाय." सगळा सारखाच, ओहोटीबरोबर होडी खाली जावी तसा.

नमद्याची लांब फीत खोचून बाजूच्या तारा मुक्या केल्या, खुंटीवर चावी चढवली. दोन तारा जुळत आल्या की आवाजात लाट उठते. आधी घाईची, मग सावकाश, मग इतकी लांब की... बाहेर वाडीत माडांना वारा लागला होता. कुठली लाट तारेची, कुठली वाडीपलीकडच्या समुद्राची, घटकाभर कळेना. दुपार कशी गेली कुणास ठाऊक.

५ डिसें.
दुसरा हात फिरवला. एकदम ताणलं तर तार तुटते, म्हणून दोनदा. एकही तुटली नाही. स्वतःवर प्रसन्न.

संध्याकाळी कु.ताई बसल्या. एक ओळ. थांबल्या. पुन्हा तीच. बोटं चाचपडायला लागली. झाकण लावलं. "हा आमचा नाही." ओटीवर जाऊन बसल्या.
व.राव माझ्याकडे बघेनात.

६ डिसें.
आजही नाही.
पियानो वर्षानुवर्षं उतरत गेला, त्याच्यासोबत त्यांचा कानही. बोटं कानाच्या मागून चालत होती. मी पियानो शुद्ध केला आणि त्यांची वाट पुसली.

परत उतरवायचा. पण किती? चावी लावण्याआधी किती उतरलाय ते मोजून लिहायचं, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. माझ्या वहीत "फार". फारला संस्कृतात डझनभर शब्द मला येतात, माप एकाचंही नाही.

व.रावांचा फोन धुंडाळला. सूर्यास्त शंभर, कु.ताईंचं वाजवणं एकदाही नाही. "रोजच असायचं हो..."

७ डिसें.
यमुना, स्वयंपाकाला येते ती, बोंबील साफ करताना गुणगुणत होती. कु.ताईंची पहिली चाल! दहा वर्षं रोज ऐकतेय, म्हणजे गळ्यात सूरही त्या उतरलेल्या पियानोचाच असणार. काटा घेऊन धावलो.
"काय दादा, माजा ताप बघता काय?"
"गात राहा, बाई."
"तुमी असं टक लावल्यावर न्हाय येत."
पाठ फिरवून उभा राहिलो, तेव्हा आलं. ताडून लिहून घेतलं, आकड्यात. दुपारी पुन्हा गायला लावली, तर सूर थोडा वर. "सकाळची थंडी व्हती ना!" सकाळचा खरा की दुपारचा? मधला धरला.

९ डिसें.
काल उतरवला, आज पुन्हा लावला, कारण सैल केलेली तार मागे चढू बघते. एवढं मन लावून मी आयुष्यात कुठला पियानो चुकीचा लावला नव्हता.

उन्हं कलताना कु.ताई आल्या. उभ्यानेच एक पट्टी दाबली. आवाज पार विरेपर्यंत ऐकला. दुसरी दाबली. मग माडांकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.
"उद्या बसेल," व.राव म्हणाले.

उद्याची रेवसहून मुंबईला जाणारी लाँच सोडून दिली. राहतो.

सूर चुकला असेल तर पुन्हा लावता येईल. पण हे चार दिवस वाजवणं बंद होतं, तेवढ्यात त्या चारही चाली त्या विसरल्या असल्या तर? मला याचीच भीती वाटते. व.रावांना ते बोललेलो नाही.