किनारपट्टीचा चुकलेला अंदाज

बाई,

तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं होतील आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावंसं मला एकदाही वाटलं नाही. आज वाटतंय ते प्रेमानं नाही, संतापानं. इथे दोह्यात आज शुक्रवारची सुट्टी आहे. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं, बायको मुलीला घेऊन तिच्या बहिणीकडे गेली आहे आणि मी अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलोय. समोर आपल्या राज्याच्या विधानसभा निकालाचे तक्ते पसरलेत. मतदारसंघ, मतदानाचा टक्का, आमचा अंदाज, खरा निकाल. त्यांच्याखाली एक कागद आहे, त्यावर मला रविवारी ऑफिस उघडलं की सही करायची आहे. तो कागद कसला ते सांगतो, पण क्रमानं. तुमच्या वर्गात कुणी उत्तर चुकलं म्हणून रडायला लागला की तुम्ही म्हणायचात, आधी गणित मांड, मग रड.

तर गणित असं. आमची कंपनी साबण, विमा आणि मोबाइलचे सर्व्हे करते. लोक कुठला साबण घेतात ते विचारायचं आणि त्याचे रंगीत तक्ते करून साबणवाल्याला विकायचे. साहेब मूळचे साताऱ्याचे, वीस वर्षं इथे आहेत आणि राजकारणाची हौस अशी की जेवताना समोरच्या भाताचेसुद्धा मतदारसंघ पाडतील. त्यांनी यंदा तिकडच्या एका वाहिनीचं काम ओढून आणलं, मतदानाआधी फोनवरून लोकांचा कौल घ्यायचं. आकडेमोड माझ्याकडे. फोन करणाऱ्या बायका तिकडे आपापल्या घरी बसलेल्या, आणि त्यांच्यावर इथून देखरेख करायला आमच्या ऑफिसातली एक परभणीची मुलगी, वर्षाच्या करारावर आलेली. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही तिघंच. मोजणी झाली आणि आम्ही तोंडावर आपटलो. बाकी राज्यात थोडंफार जुळलं, पण किनारपट्टीवर आम्ही ज्याला पाडलं तो निवडून आला आणि जिथे झुंबड उडेल म्हणालो होतो तिथली केंद्रं दुपारनंतर रिकामी होती.

माणसानं चूक कबूल करून गप्प बसावं की नाही? साहेबांनी दुसऱ्या दिवशी द पर्लमधल्या, म्हणजे इथल्या समुद्रालगतच्या श्रीमंत वस्तीतल्या, आपल्या घरी विश्लेषण ठेवलं. खाली पांढऱ्या बोटी, वर गॅलरीत बटाटेवडे, आणि भिंतीएवढ्या टीव्हीसमोर डझनभर मराठी गृहस्थ. सगळे शिकलेले, पगारदार, आणि एकालाही आपल्या मतदारसंघाचा आमदार कोण ते धड ठाऊक नाही. साहेबांनी वडा चटणीत बुडवला आणि तारे तोडायला सुरुवात केली.

"हा सायलेंट व्होटर असतो बरं का. तो कुठल्याच सर्व्हेत सापडत नाही. याला अंडरकरंट म्हणतात."

"मुळात कोकणातला माणूस आळशी," बँकेतल्या एकानं री ओढली. "मतदानाची सुट्टी म्हणजे मासे खाऊन झोपायचं. टर्नआउट बघा ना!"

सगळे हसले. मी कोकणातला आहे हे त्यातल्या निम्म्यांना माहीत होतं. मी त्या बँकवाल्याला विचारलं की तुम्ही शेवटचं मत कधी दिलंत. तो जरासुद्धा न लाजता म्हणाला, "अहो, आपण एनआरआय. आपण फक्त ॲनालिसिस करायचं." मला त्या क्षणी त्याची इतकी किळस आली की हातातला वडा बशीत ठेवला. पुढच्या दोन तासांत लाट, सुप्त लाट, उलटी लाट, एवढ्या लाटा त्या गॅलरीत आल्या की खालच्या बोटी बुडायला हव्या होत्या. यातला एक जण जरी तुमच्या हाताखाली पाचवीत असता तरी एवढं बोलला नसता.

कारण टक्का म्हणजे काय ते मी तुमच्याकडे शिकलो, आणि तेही फळ्यावर नाही. आपल्या खाडीकाठच्या शाळेत मतदान असायचं आणि तुमची ड्यूटी आपल्याच केंद्रावर लागली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. व्हरांड्यात स्टोव्ह. त्यावर तुम्ही स्वतः पिठलं-भात टाकलाय. पुढाऱ्याच्या माणसांनी कोंबडीचं पातेलं पाठवलं ते तुम्ही झाकणसुद्धा न उघडता परत केलं. माझ्या अम्मीनं तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या, त्याही परत. "मतदान संपल्यावर पाठव म्हणावं, मग चार खाईन." आणि संध्याकाळी पेट्या सील झाल्यावर, ट्रक यायच्या आत, तुम्ही खरंच चार खाल्ल्यात.

त्याच दिवशी मी आलो होतो. एकवीस वर्षांचा घोडा, माझं नाव अजून यादीत चढलं नव्हतं, आणि हातात थोरल्या भावाच्या नावाची मतदार-चिठ्ठी. भाऊ तीन वर्षांपूर्वीच इकडे दोह्याला आलेला. आमचे चेहरे सारखे, आणि गावात ही रीतच होती, गल्फला गेलेल्याचं मत घरातलं कुणीतरी टाकून यायचं. कुणाला त्यात गुन्हा वाटत नव्हता. तुम्ही चिठ्ठी घेतली, चष्मा कपाळावर चढवला.

"हा कुठे आहे?"

"हा मीच, बाई."

"तू कोण ते मला चौथीपासून माहीत आहे. मी विचारलं, हा आत्ता कुठे आहे?"

"दोह्याला."

"मग त्याला कळव, बाईंनी आठवण काढली होती. चल, बाजूला हो."

मागची सगळी रांग हसली. कान असे तापले की मी घरी न जाता खाडीवर जाऊन बसलो. तुम्ही पोलिसाला सांगितलं नाहीत हे मला फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा मला तुमचा फक्त राग आला होता.

पुढच्या वर्षी मतदारयादी तपासायला तुम्ही दारोदार फिरत होतात. आमच्या चुलीपुढच्या पाटावर यादी उघडून बसलात आणि अम्मीनं तुमचे हात धरले. "बाई, त्याचं नाव काढू नका हो. कागदावरनं गेला तर तो आमचा कसा ऱ्हायल?" तुम्ही नियमानं काढायला हवं होतं. तुम्ही काढलं नाहीत. भावाच्या नावापुढे पेन्सिलीनं एक टिंब दिलं आणि म्हणालात, "नाव राहू दे. पण तो इथे नाही, हे मला तरी माहीत पाहिजे." अशी टिंबं आपल्या गावच्या यादीत पानोपानी होती. नंतरच्या निवडणुकीत तालुक्याचा साहेब तुमच्यावर ओरडला की तुमच्याच केंद्राचा टक्का एवढा कमी कसा, तेव्हा तुम्ही ती यादी त्याच्यापुढे सरकवलीत. "गावात जे आहेत ते झाडून आले, साहेब. टिंबं वजा करा आणि मग बोला." द पर्लच्या गॅलरीत दोन तासांत जे कुणाला सुचलं नाही ते तुम्ही एका वाक्यात सांगितलं होतं. मी मात्र तिथे बसून ते बोललो नाही.

आता आमचा घोटाळा ऐका. निकालानंतर चौथ्या दिवशी ती परभणीची मुलगी हेडफोन घेऊन माझ्या टेबलाशी आली. "सर, हे ऐका जरा. माणूस म्हनतोय मत नक्की देणार, आन् मागं कोन तर वरडायलंय, यल्ला यल्ला म्हनून." मी ऐकलं. यल्ला म्हणजे अरबीत चला, आटपा. मग तिनं दुसरं लावलं, तिसरं लावलं. कुठे क्रेनचा आवाज, कुठे कुणी हिंदीत कुणाला झापतोय, कुठे "खलास, खलास". सगळे नंबर रत्नागिरी-रायगडचे आणि सगळी माणसं इकडे आखातात. तुमच्या वेळी हे नव्हतं, म्हणून सांगतो. इथला प्रत्येक जण गावचं सिमकार्ड जिवंत ठेवतो, कारण बँकेचा आकडा त्याच्यावरच येतो. आम्ही गावाला फोन लावला आणि तो दोह्यात वाजला. सातव्या रेकॉर्डिंगमध्ये माझा थोरला भाऊ होता. तोच, चिठ्ठीवाला. अजून इथेच आहे, एका गोदामात स्टोअरकीपर. "व्हय व्हय, पयल्या नंबरात जाणार मत देवला," असं छातीठोक सांगत होता.

मी त्याला जाऊन विचारलं की खोटं का बोललास. त्यानं माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं. "अरे, मला वाटला यादीवाले हायत. हितं नाय म्हटलं तर नाव कापतील ना!" म्हणजे अम्मीची भीती त्यानं पंचवीस वर्षं सांभाळून ठेवली आहे. आणि तो एकटा नाही, सगळ्यांनी तेच केलं. सर्व्हे म्हणजे यादीची तपासणी असं समजून आखातातल्या सगळ्या टिंबांनी मत देणार म्हणून सांगितलं आणि आम्ही ती मोजली. सायलेंट व्होटर कसला! इतकी बोलघेवडी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

मी हे साहेबांना सांगितलं. त्यांना आनंद झाला, कारण खापर फोडायला डोकं सापडलं. प्रश्नावलीत "आपण सध्या कुठे आहात?" हा प्रश्न नव्हता, तो गळला होता. प्रश्नावली कुणी तयार केली? त्या मुलीनं. झालं. साहेबांनी वाहिनीला द्यायचा खुलासा दोन तासांत तयार केला, पर्यवेक्षिकेच्या हयगयीमुळे दोष राहिला, तिला कामावरून दूर करण्यात आलं आहे. खाली विश्लेषक म्हणून माझ्या सहीला जागा. सही झाली की तिचा व्हिसा संपतो, येत्या गुरुवारच्या विमानानं ती परत, आणि पुढे जिथे नोकरी मागेल तिथे हा कागद तिच्या आधी पोचलेला असेल. मला साहेबांची घृणा वाटते. जो माणूस वड्यांवर लाटा मोजतो तो चोवीस वर्षांच्या पोरीला चटणीसारखं पुसून टाकतो आणि त्याला ढेकरही येत नाही. ती मात्र शांत आहे. मला म्हणाली, "तुम्ही हायत ना सर. साहेबाला नीट सांगताल."

बाई, तुमच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची आणि वर बरोबर उत्तर लिहायचं. चूक दिसली पाहिजे, म्हणायचात. मला ते अपमानासारखं वाटायचं, आमच्या वह्या नुसत्या रेघांनी भरलेल्या असत. आजही तसंच वाटतंय. पण इतका वेळ इतरांची सालटी काढून झाल्यावर माझ्याच पत्रातल्या दोन जागांवर रेघ मारायला हवी.

प्रश्न गळला होता असं मी वर लिहिलंय. तो गळला नव्हता. तिच्या पहिल्या मसुद्यात तो सर्वांत वर होता, "आपण सध्या कुठे आहात?" प्रश्नावली लांबतेय म्हणून तो मी काढला. ती म्हणाली होती, सर, राहू द्या की. मी तिला उत्तर पाठवलं, नंबर कोकणातला म्हणजे माणूस कोकणातलाच, उगाच वेळ घालवू नका. ती मेल अजून माझ्याकडे आहे, तिच्याकडेही असेल. मी लिहिलं हे, बाई. ज्याच्या घरातल्या नावापुढे तुम्ही टिंब दिलं होतं, ज्याला तुम्ही अख्ख्या रांगेसमोर हाच प्रश्न विचारला होता, त्यानं. द पर्लमधल्या त्या बँकवाल्याला निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मला तो प्रश्न जास्तीचा वाटला.

आता दुसरी रेघ. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, तेव्हा तुमच्याशी खोटं बोलून माझा फायदा काहीच नव्हता, तरी सवयीनं बोललो. त्या कागदावर रविवारी सही करायची आहे असं मी अगदी सुरुवातीला लिहिलं. सही कालच झाली, गुरुवारी, ऑफिस सुटायच्या आत. समोर आहे ती नुसती झेरॉक्स. माझ्या पेनातली शाई संपली होती, म्हणून पलीकडच्या टेबलावरून तिचंच मागून घेतलं.