अर्धी गोळी

४ नोव्हें.
नागपूरच्या दवाखान्यातून येऊन दोन महिने. आज पहिल्यांदा हातमागावर बसलो. हात कापतात. आडवा धागा नेणारा धोटा फेकला की कोशाचं रेशमी सूत तुटतं, सांधतोय नि सांधतोय. गोळीनं हात कापतील, पण मनानं कमी करू नका, असं डॉ. बजावून म्हणाले होते. शेठ येऊन पाहून गेले. "भाऊ, नाही जमत असन तर सांग. माग दुसऱ्याले देऊ." माग गेला तर मी काय उरलो? नागपूरला भरती होता तो, एवढाच.

७ नोव्हें.
सुनंदा रोज विचारते, "गोळी घेतली ना जी?" हो म्हणालो. अर्धीच घेतली. उरलेली सुताच्या कांड्यांच्या डब्यात. बायकोशी खोटं, तेही इतकं सहज.

१० नोव्हें.
हात थांबले! दिवसभर सूत तुटलं नाही. शेठनं विणलेला पदर चाचपला. "असा हात पाह्यजे." सुनंदा हसली. तिला हसताना पाहून मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

१३ नोव्हें.
दुपारी माग थांबवून पाणी प्यायलो. खटखट चालूच. शेजारचा माग असेल म्हटलं. शेजारी तर कालपासून बपेऱ्याला लग्नात.
भ्यालो. मागच्या वेळी असंच. आधी खटखट, मग खटखटीत माझं नाव. मग ताण्याच्या उभ्या धाग्यांत कोणी अडकलंय असं वाटून मागावरचं अर्धं लुगडं कात्रीनं कापलं होतं मी. तेव्हा सुनंदानं कात्री तांदळाच्या कोठीत लपवली. मी परत आलो त्या दिवशी तिनं ती स्वतःच मागावर आणून ठेवली.

१४ नोव्हें.
सांगितलं तर पुन्हा भरती. नाही सांगितलं तर...
संध्याकाळी डबा तिच्यापुढं उपडा केला. आठ तुकडे. तिनं एकेक मोजला.
"मले काहून नाही सांगितलं?"
"माग जाईल म्हणून."
"हात कापतेत तं कापू द्या. सूत मी सांधून देईन." मग हळूच, "आत्ता ऐकू येऊन राहिलं का?"
हो म्हणालो. रडली. मीही.
कात्री मीच तिच्यापुढं धरली. घेईना. म्हटलं, ठेव कोठीत.

१५ नोव्हें. सकाळ
मोहाडीच्या बसची वाट बघतोय. पुढं नागपूर. सुनंदानं पिशवीत माझ्या कपड्यांचे दोन जास्तीचे जोड भरलेत, मला दिसू नयेत असे खाली. दिसले.
खटखट चालू आहे. नाव अजून नाही.