शेडमधली जागा

मंगळवार, ९ ऑक्टोबर २००१

आज मालकांना सांगून टाकलं — कोपऱ्यातली मिनी बाइक मला द्या, तिच्यात शंभर सीसीचं इंजिन बसवून दाखवते.

मालक गणपतराव हसले. ते हसले की लेथवरचे दोघंही हसतात, ऐकू आलेलं असो वा नसो. शेडचे जुने फिटर ज्ञानू मिस्त्री हसले नाहीत. मान वर न करता म्हणाले, "इंजिनेर बाई, पोराचं खेळणं हाय ते. चाकं बघा, ताटाएवढी."

मालकांनी ती गाडी मुलासाठी शेडमध्येच बनवली होती. स्कूटरची चाकं, पाइपची फ्रेम, मोपेडचं पन्नास सीसीचं इंजिन. मुलगा जयसिंग आता पुण्यात नोकरीला आहे. गाडीवर भुशाची पोती पडलेली असतात.

मी म्हटलं, चाकं मोजलीत. फ्रेमही मोजलीय.

इथे दोन वर्षं झाली. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पहिला वर्ग. काम काय, तर ऑफिसच्या काचेआड बसून दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून रेघा ओढायच्या. शेडमध्ये फिटरचं काम द्या म्हणून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मिस्त्री म्हणाले, "बाईमाणसाचं काम न्हाय ते." तिन्ही वेळा मालक गप्प.

आज मालक बोलले. "पन्हाळ्यावर चढव. मला बसवून. दिवाळीच्या आत. चढली तर शेडमध्ये ये. न्हाय चढली तर गुमान कागदं वढायची, परत विषय न्हाय."

त्यांचं वजन ब्याण्णव किलो आहे. मी चालेल म्हटलं.

शनिवार, १३ ऑक्टोबर

इंजिन मालकांच्याच भंगारातलं आहे, अपघातात गेलेल्या मोटारसायकलचं. टू-स्ट्रोक, चार गिअर. बाहेरून कळकट, आतून ठीक. सिलिंडरला ओरखडा नाही.

साडेपाचला शेड सुटते. त्यानंतर आठपर्यंत मला मोकळीक. मिस्त्री कुलूप लावायला थांबतात. स्टुलावर बसतात, तंबाखू मळतात, बघतात. मदत नाही.

"फ्रेम चिरंल," एवढंच म्हणाले.

खालच्या नळीला आठ मिलीमीटरच्या पट्टीचा आधार दिला. चिरणार नाही.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

चेन सरळ बसत नाही. पुढचं दातेरी चाक मागच्यापेक्षा सात मिलीमीटर बाहेर. इंजिन आत सरकवावं तर फ्रेमला घासतं. म्हणजे मागचं दातेरी चाक बाहेर घ्यायचं. सात मिलीमीटरसाठी अख्खी संध्याकाळ.

सोमवार, २२ ऑक्टोबर

सुट्टी. सोमवारी आमचं उद्यमनगर सगळं बंद. मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि दिवसभर काम केलं. मोपेडचा मागचा ब्रेक काढून स्कूटरचा मोठा बसवला. चढण्याबद्दल सगळे बोलतात, उतरण्याबद्दल कुणी विचारलं नाही.

बुधवार, २४ ऑक्टोबर

इंजिन बसलं. तीन बोल्ट, तिन्ही पहिल्या प्रयत्नात आरपार! मिस्त्रींनी तंबाखू थुंकायला तोंड वळवलं, पण आधी बोल्टकडे बघितलं. मी बघितलं त्यांना बघताना.

कार्ब्युरेटर धुवायला काढला आहे. त्याच्या जागी इंजिनाचं तोंड उघडं राहतं म्हणून पांढरं फडकं घट्ट कोंबलं. उद्या खंडेनवमी, शेडमध्ये हत्यारांची पूजा. परवा दसरा. मी बिद्रीला घरी चालले. दसऱ्याला आमच्या विहारात वंदना असते, बाबांना मी लागते.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

बाबा कारखान्यात टर्नर. जेवताना सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "आणि नाही चढली तर?"

म्हटलं, चढेल.

"ते मी विचारलं नाही."

मी ताटं उचलली.

शनिवार, २७ ऑक्टोबर

मिनी बाइकला झेंडूची माळ. टाकीवर हळदीकुंकवाची पाच बोटं. कार्ब्युरेटर बसवला, प्लग काढला आणि हाताने किक हळू दाबली. आतून करकर आवाज आला. बारीक, पण आला.

कार्ब्युरेटर परत काढला. इंजिनाच्या तोंडाशी एक पिवळा तांदूळ.

फडकं बाकावर घडी करून ठेवलेलं होतं. बसवण्याआधी आत बघायला हवं होतं. माळ बघितली, आत बघितलं नाही. ही चूक माझी.

दुसरी मिस्त्रींची. पूजा त्यांनीच केली होती. विचारलं तर म्हणाले, "झाकल्याल्या हत्याराची पूजा कुठं करत्यात व्हय? फडकं काढलं, चार तांदूळ वाहिलं. त्यात काय झालं? फू मार, जात्यात उडून."

टू-स्ट्रोक इंजिन आहे. ते तोंड सरळ क्रँकच्या पोटात, फिरत्या भागांत उघडतं. बेअरिंगमध्ये एक दाणा गेला तर घाटातच जाम होईल. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्हाला हे माझ्याआधी कळायला हवं होतं."

ज्ञानू मिस्त्रींना असं बोललेलं इथे कुणी ऐकलं नसावं.

रविवार, २८ ऑक्टोबर

इंजिन खाली उतरवलं, पूर्ण खोलायचं म्हणून. साडेपाचला मिस्त्री स्टूल घेऊन आले आणि पहिल्यांदाच माझ्या बाजूला बसले. कवच सुटेना म्हणून माझा हात हातोडीकडे गेला तसा त्यांनी तो धरला. "ठोकू नकोस. तापव. आपोआप सुटतंय." तापवलं. सुटलं.

सात तांदूळ निघाले. पाच अख्खे, दोन चुरडलेले. त्यांनी ते खिशातल्या कागदात बांधले. देवाचे म्हणून की पुरावा म्हणून, विचारलं नाही.

सांध्यातलं कागदी गॅस्केट त्यांनी केलं. इंजिनाच्या कडेवर कागद धरून लहान हातोडीने टकटक करत कापत गेले. मोजमाप नाही, खूण नाही. बसवलं तर केसाचाही फरक नाही. मला असं येत नाही.

चूक झाली असं म्हणाले नाहीत. मीही म्हणायला लावलं नाही.

गुरुवार, १ नोव्हेंबर

सुरू झालं. तिसऱ्या किकला.

मग चाचणी. मागे सिमेंटची दोन पोती बांधून उद्यमनगरच्या चढावर घेतली. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि पुढचं चाक उचललं. परत केलं, परत उचललं. लेथवरचे दोघं बाहेर येऊन बघत होते. "घोडं हाय का गाडी?"

गाडी आखूड, वजन मागे, वर चढ. पोत्यांच्या जागी मालक असते तर दोघंही पाठीवर पडलो असतो. इंजिनाचा हिशेब बरोबर होता. माणसाचा चुकला.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

मागची फ्रेम लांबवायची तर आठ दिवस जातील. कागदावर तीन उपाय काढले. मिस्त्रींनी कागद उलटा धरून बघितला आणि परत दिला.

"मालकाला फुडं बसव की. तू बस मागं."

मला सुचायला हवं होतं. वहीत लिहिते — हे ज्ञानू मिस्त्रींचं.

सोमवार, ५ नोव्हेंबर

सकाळी सात. मालक पांढऱ्या शर्टात. "मी चालवू? गाडी तुझी, चालवायची तू."

म्हटलं, "मला बसवून चढव, असं म्हणाला होता. कुठे बसवायचं ते मी ठरवणार."

ते मिस्त्रींकडे बघत राहिले. मिस्त्री आभाळाकडे. मग बसले. आमच्या मधे मी पान्ह्यांची पिशवी ठेवली. वाघबीळच्या फाट्यापर्यंत लोक बघून हसत होते. मालकांचे गुडघे हँडलच्याही वर.

घाट लागला तसा दुसरा गिअर टाकायला सांगितला. पुढचं चाक रस्ता सोडेना. एका वळणावर इंजिन दमलं, आवाज खाली आला. "गेली!" मालक ओरडले. म्हटलं, "पहिला टाका. थांबू नका." टाकला. धापा टाकत गेली, पण गेली. पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत एकदाही पाय टेकले नाहीत.

वर मालक बराच वेळ गाडीभोवती फिरले. म्हणाले, "उद्यापासनं शेडमध्ये ये. शब्द म्हंजे शब्द."

उतरताना ब्रेक उत्तम. उद्या आठला शेडमध्ये. आता झोप येणार नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

आठला पोचले. मिस्त्रींचा बाक रिकामा, खिळ्यावर त्यांचा डगला नाही. मालकांनी बाकाच्या खणाची किल्ली माझ्यापुढे धरली. मिस्त्री कुठे, विचारलं.

"काल सांजचं सांगितलं त्यास्नी, आता घरी बसा. फिटरची जागा एकच की."

किल्ली टेबलावर ठेवली. सव्वाआठला शिवाजी पेठेत होते, ज्ञानू मिस्त्रींचं घर विचारत.