नासर्डीच्या पलीकडची बाई

आई,

नासर्डी अजून वाहते, हे तुला आधी सांगते. लोक आता तिला नाला म्हणतात, पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतात, पण पाणी असतं. मी तिच्याच काठावरच्या इमारतीत राहते. तुझे जावई गेल्यापासून एकटीच. लेक बंगळूरला असते, रविवारी व्हिडिओवर दिसते. बाकीचे दिवस दूधवाला, लिफ्टमधली माणसं आणि खिडकीतून दिसणारी ही नदी. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर वर्गात बोलबोल बोलले, आता जरा गप्प बसायला बरं वाटेल. तसं होत नाही. कधी कधी दिवेलागणीला लक्षात येतं की आज सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मग तू आठवतेस.

लहानपणी मला वाटायचं, तू मुळातच अबोल आहेस. बाबा कारखान्यात, मी शाळेत. चाळीतल्या बायका ओट्यावर गप्पा मारत बसायच्या, आणि तू त्यांच्यात बसून नुसती मान हलवायचीस. सुरगाण्याच्या डोंगरातून लग्न होऊन तू नाशकात आलीस, तुझी बोली ऐकून कोणीतरी हसलं आणि तेव्हापासून तू तोलूनमापून बोलायला लागलीस, हे बाबांनी मला फार उशिरा सांगितलं. पण धुणं घेऊन नदीवर गेलीस की तू वेगळीच व्हायचीस. समोरच्या काठावर तुझ्याच वयाची एक बाई धुणं धुवायला यायची. तीही तुझ्याच मुलखातली. तू बादली खाली ठेवायच्या आत तिची हाक यायची, "बेस आहास का?" आणि मग दोघी कपडे आपटत, पाण्यावरून ओरडून ओरडून बोलत राहायच्या. मला अर्धंमुर्धं कळायचं. कोणाचं तरी बाळंतपण, यंदाची नागली, एखाद्या दिराची खोड. तू पाठीमागे रेलून मोठ्यानं हसायचीस. घरात तुला तसं हसताना मी पाहिलं नाही. चाळीत नळ आला तरी तू धुणं घेऊन नदीवरच जात राहिलीस. बायका म्हणायच्या, हिला नळाचं पाणी मानवत नाही.

एकदा घरी मी तुमच्यासारखं बोलून दाखवलं. मला वाटलं, तू खूश होशील. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "ती बोली तुला नाय शिकायची. इथं हसतात." आवाज जराही चढला नव्हता, पण मी पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे मी मराठीचीच शिक्षिका झाले, मुलांचे न आणि ण सुधारत राहिले. बाबा सांगायचे, तू ते चाळीत सगळ्यांना सांगायचीस.

मग तो पूर. मी तेव्हा चौथीत असेन. पाऊस वर त्र्यंबकच्या डोंगरात पडत होता आणि पाणी आपल्याकडे चढत होतं. पलीकडची वस्ती खोलगट जागेत. तू काठावर उभी राहून हाका मारते आहेस, आणि पाण्याचा आवाज एवढा आहे की शेजारी उभी असून मलासुद्धा तुझी हाक ऐकू येत नाही. शेवटी तू माझं मनगट धरतेस आणि लांबच्या रस्त्यानं, मोठ्या पुलावरून, आपण पलीकडे जातो. एवढ्या वर्षांत तू तिकडे गेलीच नव्हतीस. वस्तीतल्या लोकांना शाळेत हलवलं होतं. दारातला माणूस विचारतो, कोणाला शोधताय, नाव काय? तुला तिचं नाव माहीत नव्हतं. तुम्ही एकमेकींना नुसतं बाई म्हणत होतात. शेवटी तू म्हणालीस, "सुरगाण्याकडची हाय. माझ्यासारखी." त्या माणसाला काही उमजेना. मग तू एकेका वर्गात डोकावत निघालीस.

ती शेवटच्या वर्गात भिंतीला टेकून बसली होती. जवळून फारच बुटकी दिसली, आणि तिच्या कपाळावर गोंदण होतं, ते लांबून कधी दिसलं नव्हतं. तू तिच्याशेजारी जाऊन बसलीस. मला वाटलं, आता या दोघींचं बोलणं संपणारच नाही. पण तुम्ही कितीतरी वेळ काहीच बोलला नाहीत. ओरडून बोलायची सवय. इतक्या जवळ आवाज कुठून काढायचा, हे दोघींनाही सुचत नसावं. मग ती हळूच काहीतरी म्हणाली आणि तू तिचा हात हातात घेतलास. निघताना तिनं फडक्यातली अर्धी नागलीची भाकरी माझ्यापुढे धरली. मी मागे सरले, तर तू म्हणालीस, घे. पुलावर आल्यावर तू खाली पाण्याकडे बघत एवढंच बोललीस, "घर गेलं तिचं. गावाला चालली. परत नाय यायची."

पाणी ओसरल्यावर तू धुणं घेऊन गेलीस. समोर कोणी नव्हतं. काही दिवस तशीच जात राहिलीस, मग एका सकाळी इतर बायकांसारखी बादली घेऊन नळावर जाऊन बसलीस. त्यानंतर तू पुष्कळ वर्षं जगलीस, पण तुझी बोली तू कोणाशी बोललेली मला आठवत नाही. शेवटच्या आजारात मात्र दवाखान्यात तू सारखं काहीतरी पुटपुटायचीस. नर्सनं मला विचारलं, आजी काय मागतायत? मी कान तुझ्या तोंडाशी नेला. मराठीची बाई मी, मला एक शब्द कळला नाही.

हल्ली माझ्या खिडकीखाली काठाला भिंत बांधायचं काम चालू आहे. कामावर पेठ-सुरगाण्याकडची माणसं आहेत. एका दुपारी बायका जेवायला बसल्या आणि त्यांचं बोलणं वर आलं. मी हातातलं पातेलं तसंच ठेवून खाली उतरले. आता रोज उतरते. फिरायला म्हणून जाते, पण जाऊन त्यांच्याजवळच्या कठड्यावर बसते. त्या त्यांच्यात बोलतात, मी ऐकते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मलाही कळतं. तरी कालचं तेवढं तुला सांगायचं आहे. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, रोज इथं का बसता? मी म्हटलं, माझी आई तुमच्याकडची. तिनं डबा बाजूला ठेवला, गाव विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाली, तर आमच्यासारखं बोला की. मी म्हटलं, मला येत नाही.

"आई हाय ना?"

मी म्हटलं, आहे.

"मंग घेऊन या तिला इकडं. आमच्याशी बोलंल."

मी म्हटलं, "पाय दुखतात तिचे. बरे झाले की आणते."