उरलेल्या पाण्यातली अंघोळ

१ डिसेंबर १९९४, गुरुवार

ठिपकी मरणार बहुतेक. दुपारपासून अंग थडथड उडतंय, तोंडाला फेस. उभी राहायला गेली की मागचे पाय दोन दिशांना जातात आणि बदकन पडते. हे शनिवारशिवाय बारामतीहून यायचे नाहीत.

लिहूनच टाकते, बोलायची हिंमत नाही. सकाळी आत्याबाईंनी (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते) कोकरांना गोचडीच्या औषधाच्या पाण्यात बुचकळून काढलं. घमेल्यात पाणी उरलं. या घरात उरलेलं काही फेकत नाहीत, वर्षभरात एवढं तरी मी शिकले. ठिपकीला पिसवा झाल्या होत्या. म्हटलं, कोकरांना चालतं तर मांजराला का नाही? मानगूट धरली आणि बुडवली. दोनदा! मग ती उन्हात बसून अंग चाटत राहिली आणि मी कौतुकानं बघत होते. बारावी पास म्हणे.

२ डिसेंबर

जिवंत आहे.

सकाळी आत्याबाईंनी बांधावर उभं राहून शेजारच्या गोजरबाईला फैलावर घेतलं. गोजरबाईनं परवा शेंगांच्या कणगीपाशी उंदरांचं औषध ठेवलंय, हे सगळ्या वस्तीला माहीत. "मांजर मारलंस गं गोजरे! आता सोन्याची मांजर घिऊन काशीला जा, न्हायतर हितंच फेड!" बायका जमल्या. गोजरबाई मेथीच्या वाफ्यात खाली मान घालून उभी.

मी दारात होते. तोंड उघडलंही होतं. आत्याबाई मागं न बघता म्हणाल्या, "तू आत व्हय. पोटुशी बाईनं असल्यात पडू न्हाय." मी आत गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर चुलीपुढं बसून भाकरी थापतोय.

४ डिसेंबर, रविवार

हे ठिपकीला पिशवीत घालून इंदापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण मेंदूला धक्का बसलाय, चालणं काही परत यायचं नाही. अंगात ऊब धरत नाही, तेवढं जपा. काय खाल्लं होतं, असं त्यांनी विचारलं. ह्यांनी सांगितलं, शेजारणीचं उंदराचं औषध.

मी ऐकलं आणि ह्यांच्या ताटात आमटी वाढली.

८ डिसेंबर

थंडी वाढलीय. टोपलीत तळाला कोंडा, त्यावर आत्याबाईंचं जुनं लुगडं, बाजूला चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून. वीट आधी माझ्या गालाला लावून बघते. आपल्याला चटका बसला तर आपण सरकतो. तिला सरकता येत नाही. दूध कोकराला पाजतात तसं बोळ्यानं. डोकं एवढं हलतं की निम्मं माझ्या पदरावर.

हात घातला की घुरघुरते. बुडवलं तोच हात!

१२ डिसेंबर

आज फार वाईट झालं. मी धुण्याला गेले आणि ठिपकी टोपलीतून पडून, जुन्या सवयीनं फरफटत चुलीच्या राखेत जाऊन बसली. तिथं शिरता आलं, निघता येईना. पोटाचे केस करपले, एक पंजा भाजला. हाक मारून मारून तिचा आवाज बसला होता. मी रडले. आत्याबाईंनी कोरफड कापून दिली.

संध्याकाळी टोपलीला दोरीची जाळी केली. श्वास कोंडत नाही ना, हे दहादा बघितलं.

१८ डिसेंबर

पाठ दुखते म्हणून ह्यांनी माझ्यासाठी रबराची गरम पाण्याची पिशवी आणली. ती टोपलीत गेली. हे म्हणाले, "पुढच्या जन्मी तुझ्याकडं मांजर हून येतो, मंग तरी इचारशील." मी हसले. ह्यांच्यापाशी हसणंसुद्धा चोरून आणल्यासारखं वाटतं.

२१ डिसेंबर

गोजरबाई आली होती. पेल्यात शेळीचं दूध. आत्याबाई शेतावर गेल्याचं बघूनच आली असणार. पायात वहाणा नाहीत. विचारलं तर म्हणाली, "बोलले हाय मी बिरोबाला. ह्यो जीव चालाय लागंस्तोवर पायात काय घालायची न्हाय."

डॉक्टर काय म्हणाले ते तिला कुणी सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं. ती ठिपकीच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि मी तिच्या टाचा बघत होते. ज्वारीच्या रानात, या दिवसांत, अनवाणी. किती वर्षं चालणार ती?

२९ डिसेंबर

आज पोटातलं पहिल्यांदा हललं. सगळ्या बायका म्हणतात, किती आनंद होतो! मला ठिपकीचे पाय आठवले. हे कुणाला सांगू?

४ जानेवारी १९९५

ठिपकी बसायला लागली! दोन्ही बाजूंना उशा लावल्या तर अर्धी भाकरी होईपर्यंत ताठ बसते. अंगणात उन्हाची तिरीप सरकेल तशी टोपली सरकवते. लुगड्याचे तुकडे दिवसातून चारदा धुते. हात फुटलेत. फुटू देत.

९ जानेवारी

गोजरबाई लंगडते. बाभळीचा काटा आत मोडलाय, पाय सुजून तट्ट. मी म्हटलं, मावशी, आता वहाणा घाला. म्हणाली, "आगं, तिला बघ की. तिचं पाय तरी कुठं धड हायती?" आणि उलट मलाच विचारलं, "वाईच सुदरतीया का?"

मी म्हटलं, हो.

हे "हो" माझ्यानं गिळवत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

वस्तीत सगळ्यांनी सगळ्यांना तिळगूळ दिला. गोजरबाईच्या दारात कुणी गेलं नाही. झुंबरकाकू सरळ म्हणाल्या, "मांजर मारनाऱ्या हाताचा तिळगूळ कोन घील?" मांजर मेलेलं नाही, माझ्या टोपलीत आहे, घुरघुरतंय! तरी बाई पापी ठरली.

गोजरबाई उंबऱ्यात ताटली घेऊन दिवस मावळेपर्यंत बसली होती. मला ओट्यावरून दिसत होतं. उद्या सांगणार. आत्याबाई घरात ठेवोत की माहेरी जळोचीला धाडोत, उद्या सांगणार.

१५ जानेवारी

सांगितलं. घमेलं, औषधाचं पाणी, डॉक्टरांचं बोलणं, सगळं. गोजरबाई पाय शेकत बसली होती. मान वरसुद्धा केली नाही.

"ठावं हाय मला. त्याच राती तुजी सासू आलती. घमेल्यात मांजराचं क्यास घावलं व्हतं तिला. पदर पसरला माझ्यापुढं. म्हणली, सून पोटुशी हाय, पाप लेकरावर जाईल, तुझ्या नावावर घे. सकाळी बांधावर वराडली ती लोकांनी ऐकावं म्हणून. माझ्यामागं कोन हाय, पोरी? पाप लागून लागायचं कुणाला?"